जेल रोडवरून ओहायोला

वृषालीच्या टेबलावर, ओहायोत,
आठवडाभर एक मतपत्रिका पडून आहे.
मागवली की टपालाने घरी येते म्हणे तिथे,
वीजबिलासारखी.

तिचं पहिलंच मत.
मागच्या वर्षी हात वर करून शपथ घेतली
आणि आपलं निळं पुस्तक परत दिलं.
ते पुस्तक कदाचित माझ्याच हाताखालून गेलं असेल,
बत्तीस वर्षं प्रेसमध्ये मी तेच बघत होतो,
पानं छत्तीस आहेत ना, शिलाई सरळ आहे ना,
सिंह कुठे तिरके बसले नाहीत ना.

फोनवर म्हणाली, बाबा, तुम्हीच सांगा कोणाला देऊ.
इथल्या बातम्या माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त बघता.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला
पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर
आम्ही चौघे बसलो
अमेरिकेचा निकाल लावायला.

रोकडे नोटांच्या प्रेसमधला.
कुठलीही गोष्ट उजेडासमोर धरल्याशिवाय मानत नाही.
एकाचं आडनाव जिभेवर बसेना, म्हणून त्यानेच ठरवलं :
हा लाल, तो निळा.
लाल आला की डॉलर वर. पोरीचा फायदा बघ.

गायधनीचा भाचा अकरा वर्षं व्हिसाच्या रांगेत.
निळा आला की रांग हलणार, तो म्हणाला.
चार वर्षांपूर्वी हेच तो
लालबद्दल म्हणाला होता,
हे मी त्याच्या तोंडावर बोललो नाही.

मग मी समजावून सांगितलं की तिथे
जास्त मतं पडलेला माणूससुद्धा हरू शकतो.
गायधनी म्हणाला, म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच.
रोकडे म्हणाला, तिच्या वॉर्डात कोण चालतो, ते विचार आधी.

तांबोळी इतका वेळ चपलेतला खडा काढत होता.
म्हणाला, दोघांपैकी
लढाई कोण करणार नाही?

टाकीतून पाणी गळत होतं.
त्याचा आवाज तेवढ्यात
चांगलाच मोठा झाला.

पाच दिवस चाललं हे.
गॅसच्या पावतीमागे मी दोन रकाने आखले,
लालला सात मुद्दे, निळ्याला साडेसहा,
अर्धा कशाचा ते आता आठवत नाही.
घरी आलो, चष्मा पुसला, फोन हातात घेतला.

शकू मेथी निवडत होती.
तिला कशाला सांगताय, म्हणाली.

कशाला म्हणजे? तुला नाही सांगत आलो?
शिक्का होता तेव्हापासून सांगतोय,
बटणं आली तेव्हा तर कितवं बटण तेही.

सांगत आलात, ती म्हणाली.
एक काडी मोडली. माती झटकली.

मग?

मग काय.
आत पुठ्ठ्याचा आडोसा होता.

चाळीस वर्षांच्या निवडणुका
त्या मेथीच्या ढिगाकडे बघत
मी मनात पुन्हा मोजायला लागलो,
कुठे कुठे आमचा माणूस थोडक्यात पडला होता.
विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
ती पानं पाण्यात बुडवून आत गेली.

फोन लागला. तिथे रात्र.
वृषाली म्हणाली, बाबा, थांबले नाही हो मी,
आताच गोल काळा केला. दाखवू?
आणि कागद कॅमेऱ्यासमोर आणायला लागली.

आयुष्यभर
प्रत्येक पान उलटून बघायचा पगार घेतला मी.
फोन टेबलावर पालथा घातला.
नको दाखवूस, म्हटलं, लाकडाशी बोलल्यासारखं,
पाकीट नीट चिकटव,
तिकीट लावायला विसरू नकोस.

सकाळी बाकावर रोकडे वाटच बघत होता.
काय सांगितलंस शेवटी?

म्हटलं, तिकीट लाव म्हणून सांगितलं.

तो सरसावून बसला :
कोणाचं तिकीट?